अध्यक्षांची खुर्ची

अध्यक्ष महाराज आणि बंधु-भगिनींनो,

व्याख्यानाचा आरंभ "अध्यक्ष महाराज" या दोन शब्दांनी करावयाचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आज मी ती केवळ रीत म्हणून पाळलेली नाही. माझ्या व्याख्यानाचा सगळा विषय या दोन शब्दांतच आहे. आपल्या कोल्हापुरात नुसते "महाराज" म्हटले, की कोणते महाराज असे कोणी विचारीत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींखेरीज दुसरे नाव मनात येत नाही. पण मुंबईला विधानसभेत बसणारा आमदार, मग तो कोणत्या का पक्षाचा असेना, बोलावयास उभा राहिला की पहिल्याने म्हणतो, "अध्यक्ष महाराज!" मुख्यमंत्र्याला काही सांगावयाचे असले तरी ते अध्यक्षांकडे तोंड करून सांगावयाचे, आणि विरोधकाची उणीदुणी काढावयाची ती देखील अध्यक्षांना उद्देशूनच. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी आपल्यातूनच एकाला निवडले आणि त्याला महाराज म्हटले! हे महाराजपद जन्माने मिळत नाही आणि वारसाने पुढे जात नाही. ते मतांनी मिळते, आणि वागणुकीने टिकते किंवा जाते. ते टिकते कशाने आणि जाते कशाने, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या गावाला हा विषय तसा नवा आहे, हे आधी सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलात भरली. तेव्हापासून पुढची ऐंशीवर वर्षे कोल्हापूरच्या रयतेला त्या सभेत जागा नव्हती, कारण आपण संस्थानी प्रजा. आपल्या दरबारात नाव कमावलेली माणसे तिथे गेली, पण ती दुसऱ्यांच्या मतांवर गेली. शाहू महाराजांच्या पदरचे भास्करराव जाधव पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. कोल्हापूरची दिवाणगिरी केलेले अण्णासाहेब लठ्ठे १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबईच्या विधानसभेसाठी प्रथम मत टाकले. आज जिल्ह्यातून दहा आमदार जातात: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. हे दहाजण सभागृहात पाऊल टाकतात तेव्हा त्यांचे बोलणे, त्यांचा प्रश्न, त्यांचे मत ही सारी एका खुर्चीच्या स्वाधीन होतात. म्हणून त्या खुर्चीची चौकशी करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता थोडी रचना सांगतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. खालचे विधानसभा. त्यात २८८ सभासद, आणि ते थेट आपल्या मतांनी निवडून येतात. वरचे विधान परिषद. त्यात ७८ सभासद: ३० विधानसभेचे सभासद निवडतात, २२ नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांकडून येतात, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. विधानसभेत खुर्चीवर बसतो तो अध्यक्ष, त्याच्या गैरहजेरीत उपाध्यक्ष. परिषदेत सभापती आणि उपसभापती. शिवाय अधिवेशनापुरती सभासदांची एक तालिका नेमतात. मुख्य माणूस उठून गेला की त्या तालिकेतला कोणीतरी बसतो आणि त्या घटकेपुरते खुर्चीचे सारे अधिकार त्याचे असतात. आपल्याकडे कित्येकदा अध्यक्षाला मंत्र्याच्या खालचा मानतात. घटनेने तसे मानलेले नाही. सभागृहात मुख्यमंत्री हाही एक सभासद आहे, आणि खुर्चीवरचा माणूस उभा राहिला की मुख्यमंत्र्याने देखील खाली बसावयाचे असते.

पण हे पद चमत्कारिक आहे ते कशामुळे? कोल्हापूरकरांना ते समजावयाला खासबागेपेक्षा चांगली जागा नाही. शाहू महाराजांनी ते मैदान बांधले आणि १९१२ साली ते कुस्त्यांना खुले झाले. त्या आखाड्यात पंच असतो. हा पंच कुठून आला? आकाशातून पडला नाही. तोही कोणे एके काळी गंगावेशीत किंवा मोतीबागेत घुमलेला असतो, कुठल्या तरी वस्तादाच्या हाताखाली त्याने माती अंगाला लावलेली असते. जो स्वतः कधी लढला नाही त्याला डाव कळत नाही, म्हणून पंच पैलवानांतूनच घ्यावा लागतो. पण मैदानात उतरल्यावर त्याला तालीम नसते. त्याच्याच तालमीचा पठ्ठ्या चीत झाला तर त्याने हात वर करावयाचा तो समोरच्याचा. पंचाने पाठ लागली नसताना लागली म्हटले, तर हरलेला पैलवान एक कुस्ती हरतो, पण मैदान कायमचे हरते. पुढच्या वर्षी तिकीट काढून कोण येईल?

विधानसभेचा अध्यक्ष असाच पक्षातून येतो. बहुमताचा पक्ष त्याला निवडून आणतो. आणि निवडून आल्याबरोबर त्याचे मुख्य काम कोणते, तर अल्पमताची राखण! बहुमताला राखणीची गरज नसते. त्याच्यापाशी मते आहेत, मंत्री आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत. ज्याच्यापाशी यांतले काही नाही, त्याच्यापाशी फक्त बोलावयाची वेळ असते, आणि ती वेळ अध्यक्षाच्या हाती. माझे आजचे सांगणे एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: ही खुर्ची बहुमताने मिळते, परंतु ती असते अल्पमतासाठी.

एक घरची हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी पुराच्या प्रश्नावर आमच्या भागातली आठ-दहा मंडळी मुंबईला गेली होती, त्यांत मीही होतो. पंचगंगेच्या पाण्याने घरे धरलेली, भरपाईची यादी अडकलेली. आमच्यापैकी एकाच्या ओळखीने प्रेक्षकांच्या सज्जात बसावयाचे पास मिळाले. आमचा प्रश्न त्या दिवशीच्या तारांकित प्रश्नांच्या यादीत होता, पण चौदावा. तास चालला. एकेका प्रश्नावर उपप्रश्न निघत होते. नववा प्रश्न चालू असताना तास संपला, आणि उरलेल्या प्रश्नांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर ठेवली गेली. आमच्याबरोबर नदीकाठच्या गावचे एक आबा होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, पंचानं कुस्ती सोडवलीच की हो!" मला हसू आले आणि वाईटही वाटले. पण त्याच तासाच्या आरंभी आम्ही दुसरेही पाहिले होते. एका मंत्र्याने "माहिती मागवीत आहोत" एवढेच उत्तर दिले. विरोधी बाकावरून ओरडा झाला. खुर्चीवरच्या गृहस्थांनी ओरडणाऱ्यांना खाली बसविले आणि मंत्र्यालाही सोडले नाही. "प्रश्न राखून ठेवतो, पूर्ण माहिती घेऊन या," असे दोन वाक्यांत सांगून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. मंत्री त्यांच्याच पक्षाचे होते. परतीच्या गाडीत आबांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, "आपली कुस्ती झाली न्हाई ती न्हाई, पन मानूस खरा बसलाय." एवढा विश्वास पुराने घर गेलेल्या माणसाच्या मनात उत्पन्न करणे, याहून त्या खुर्चीचे दुसरे मोठे काम मला तरी ठाऊक नाही.

या परंपरेची मुळे कुठे आहेत? १६४२ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स शिपाई घेऊन पार्लमेंटात शिरला आणि पाच सभासद कुठे आहेत म्हणून विचारू लागला. अध्यक्ष लेंथॉल गुडघे टेकून पण ठामपणे म्हणाला, की सभागृह सांगेल तेवढेच पाहण्याला मला डोळे आहेत आणि तेवढेच बोलण्याला जीभ आहे. आपल्याकडे १९२५ साली विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. ते स्वराज्य पक्षाचे कडवे पुढारी. खुर्चीवर बसताच त्यांनी जाहीर केले, की यापुढे मी कोणत्याही पक्षाचा नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख फारसा होत नाही. कायदेमंडळाचे कारकून आणि अधिकारी सरकारच्या हाताखाली असतील, तर अध्यक्ष कितीही स्वतंत्र असला तरी त्याचे हात बांधलेले राहतात, हे त्यांनी ओळखले आणि १९२९ साली कायदेमंडळाचे वेगळे खाते मिळविले. आज घटनेच्या १८७ व्या कलमाने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला स्वतःचा सचिववर्ग आहे, त्याचे बीज तिथे आहे.

या सचिववर्गाबद्दल दोन शब्द बोलल्याखेरीज पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. आमदाराचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, यांचे येत नाही. खुर्चीच्या पुढे, खालच्या मेजाशी सचिव बसतात. नियम कोणता, पूर्वी काय झाले, हे अध्यक्षांना सांगणे त्यांचे काम. निर्णय अध्यक्षांचा, पण आधार यांच्या स्मरणाचा. प्रतिवेदक पाळीपाळीने येऊन बसतात आणि पडलेला प्रत्येक शब्द टिपून घेतात. गोंगाटात दहाजण एकदम बोलत असताना कोण काय म्हणाले ते लिहून काढणे म्हणजे काय, हे ज्याने ग्रामसभेचे टिपण लिहिले असेल त्याने सांगावे. मार्शल असतात. अध्यक्षांनी आज्ञा केली की ते सभासदाला बाहेर नेतात, पण आज्ञेवाचून कोणाच्या अंगाला हात लावीत नाहीत. खुर्चीसमोर राजदंड असतो. तो उचलून पळण्याचे प्रकार आपल्या सभागृहात एकदा नव्हे, अनेकदा झाले आहेत. दंड पुन्हा जागेवर ठेवता येतो. त्याच्यामागची अब्रू जागेवर ठेवणे तितके सोपे नसते.

आपल्या राज्याला या खुर्चीवर चांगली माणसे लाभली नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३७ साली मुंबईच्या विधानसभेचे अध्यक्ष झालेले गणेश वासुदेव मावळंकर पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर नगरचे कुंदनमल फिरोदिया आले. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे बाळासाहेब भारदे अध्यक्ष होते. संतवाङ्मयात मुरलेला हा माणूस तापलेल्या सभागृहाला एखाद्या कोटीने हसवून थंड करी. आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, विधान परिषदेचे सभापती होते. हाताला काम मागणाऱ्याला काम देण्याची रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ साली देशाने तोच मार्ग धरला. सभापतीच्या खुर्चीवरून आलेली सूचना सगळ्या पक्षांनी आपली मानली, याचे कारण, मला वाटते, ती खुर्ची तोवर कोणाची झालेली नव्हती. आणि आपल्या जिल्ह्यालाही हा मान मिळाला आहे. गडहिंग्लजचे आमदार बाबासाहेब कुपेकर २००४ पासून २००९ पर्यंत विधानसभेचे अध्यक्ष होते.

भारद्यांच्या काळातली एक गोष्ट आज आठवणे अगत्याचे आहे. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. विरोधकांत मोठा पक्ष शेतकरी कामगार पक्ष, त्याचे सभासद १५. एकूण सभासदांचे दहा टक्के काढले तर २६ होतात. म्हणजे हा पक्ष पुष्कळच खाली होता. तरीही त्या पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते म्हणून बसले, आणि भारदे अध्यक्ष होते तोवर दहा वर्षे बसले. त्याच लाल बावट्याच्या पक्षाने या गावाला त्र्यं. सी. कारखानीस दिले, एन. डी. पाटील दिले. मूठभर माणसे, पण नियमांची पुस्तके पाठ करून यावयाची आणि मंत्र्यांना घाम फोडावयाची. २०२४ च्या निवडणुकीनंतर विरोधी पक्षांपैकी कोणाचेच २९ सभासद आले नाहीत. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवार यांच्या पक्षाचे १०. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, तसेच पावसाळी अधिवेशनातही, विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याची जागा रिकामीच राहिली. मान्यता देणे अध्यक्षांच्या हाती. आकडा अपुरा होता असे म्हणणाऱ्यांनी १९६२ चा आकडा पाहावा.

रिकाम्या खुर्चीची गोष्ट निघालीच आहे, तर खुद्द अध्यक्षांच्या खुर्चीचेही सांगितले पाहिजे. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी नाना पटोले यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर ३ जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा महिने, महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. गुप्त मतदान की उघड, नियम बदलावा की नाही, तारीख कोणी द्यावी, यात दिवस गेले. परिषदेत तर जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत सभापतीच नव्हते आणि उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी गाडा ओढला. पहिल्या वेळी सत्तेवर एक बाजू होती, दुसऱ्या वेळी दुसरी. तेव्हा मी दोष कोणा एकाला देत नाही. पंचावाचून मैदान भरवावयास दोघेही तयार होते, एवढेच म्हणतो.

आणि नेमक्या त्याच काळात सगळ्यांत अवघड कुस्त्या लागल्या. १९८५ साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि पक्ष बदलणाऱ्या सभासदाला अपात्र ठरविण्याचे काम अध्यक्षाकडे आले. म्हणजे पंचाला न्यायाधीश केले. ज्याची स्वतःची खुर्ची ज्या बहुमतावर उभी, ते बहुमतच खरे की खोटे हे त्याने ठरवावयाचे! जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. अध्यक्ष नव्हते, उपाध्यक्षांविरुद्धच हटविण्याची नोटीस आली. ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले, की अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत करावा. निर्णय आला तो १० जानेवारी २०२४ रोजी, आणि त्यात दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. निर्णय बरोबर की चूक, हे मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. मी इतकेच विचारतो, की दीड वर्ष ज्याचा निकाल लागत नाही त्या कुस्तीला लोकांनी काय म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच मणिपूरच्या एका प्रकरणात सुचविले होते, की हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावे आणि तोवर अध्यक्षांनी सामान्यतः तीन महिन्यांत निकाल द्यावा. मला ती सूचना योग्य वाटते. खुर्चीवर अविश्वास म्हणून नव्हे. खुर्चीची अब्रू वाचावी म्हणून.

दुसरी एक बाजू सांगून आवरतो. सभासद खुर्चीशी कसे वागतात, याचाही विचार झाला पाहिजे. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याच्या कारणावरून बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरविले. त्या अधिवेशनापुरते काढा, त्यापलीकडे नाही. कारण आमदाराला वर्षभर बाहेर ठेवले तर शिक्षा त्याला होत नाही, त्याच्या मतदारसंघाला होते. तिथली लाखो माणसे मुकी होतात. शिस्त हवीच, पण शिस्तीच्या नावाखाली मते कमी करता येऊ नयेत. पंचाने पैलवानाला समज द्यावी, मैदानाबाहेर काढावे, पण त्याच्या तालमीला कुलूप लावू नये.

मग उपाय काय? कायद्यात एक दार आहे. त्याच दहाव्या परिशिष्टात सोय आहे, की अध्यक्ष झालेल्या माणसाने आपला पक्ष सोडला तर तो अपात्र होत नाही. १९६७ साली लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाचा राजीनामा दिला होता, आणि तेव्हा तर असे काही संरक्षणही नव्हते. दार उघडे आहे, पण त्यातून जाणारे थोडे. का जात नाहीत? पुढच्या निवडणुकीला तिकीट कोण देणार म्हणून. आणि इथे, मंडळी हो, प्रश्न मुंबईतून निघून आपल्या गल्लीत येतो. आमदार गावात आला की आपण त्याला विचारतो: रस्ता झाला का, मंडळाला वर्गणी दिली का, लग्नाला का आला नाहीत? सभागृह किती दिवस भरले, तुम्ही किती दिवस बसलात, कोणता प्रश्न विचारलात, अध्यक्ष निवडताना मत कसे दिलेत आणि का, हे कोणी विचारीत नाही. ज्याची चौकशी होत नाही ते काम कोणी नीट करीत नाही, मग तो आमदार असो की अध्यक्ष. पक्षापासून दूर राहिलेल्या अध्यक्षाला गावाने आपला मानून पुन्हा निवडून दिले, तर त्या दारातून जाणारे पुष्कळ निघतील.

खासबागेत आपण निकाल चुकला की बसल्या जागेवरून ओरडतो, आणि निकाल बरोबर असला तर आपला पैलवान हरला तरी टाळी देतो. ही दुसरी गोष्ट या मातीने आपल्याला शिकविली आहे. तेवढी टाळी मुंबईच्या त्या खुर्चीपर्यंत पोहोचली पाहिजे.

आमच्या अध्यक्ष महाराजांचा हात घंटेकडे जाताना मला दिसतो आहे. त्यांचा अधिकार मानणे हे आजच्या विषयाला धरूनच होईल.